फाशीची लस नेमकं काय अडवते?

मागच्या वैशाखात साक्रीच्या पुढे एका रिकाम्या शेतात ठेलारी मेंढपाळांचा वाडा, म्हणजे मेंढ्यांसकट मुक्काम, बसला होता. शेतमालकाला खत मिळतं, मेंढपाळाला धान्य आणि चार पैसे. हा आपल्याकडचा जुना व्यवहार. सकाळी सहालाच त्या वाड्यातल्या आबांचा फोन आला. "डॉक्टरसाहेब, मेंढी रातले चांगली व्हती, सकायले पाहं ते मरेल." मी पोचलो तेव्हा मेंढी फुगून आडवी पडली होती आणि नाकाशी लालसर फेस होता. आबा विळा हातात घेऊनच उभे होते. "कातडं तरी काढी लेऊ का?"

मी म्हटलं, "आबा, हात लावू नका. आधी कानाचं एक थेंब रक्त बघू द्या."

त्या दिवशी काचेवर फाशीचे, म्हणजे अँथ्रॅक्स रोगाचे, जंतू दिसले नाहीत. मेंढी आंत्रविषाराने गेली होती, आणि तोही रोग असाच रात्रीतून मारतो. पण विळा का थांबवला, हे आबांना समजावताना गोष्ट लांबत गेली. शेवटी त्यांनी विचारलं, "मंग फाशीनी लस जंतू मारस का त्यानं इख मारस?" इख म्हणजे विष. पशुवैद्यकाच्या नोकरीत मला विचारलेला हा सर्वांत नेमका प्रश्न. दीडशे वर्षांचं संशोधन याच प्रश्नाभोवती फिरलं आहे, म्हणून त्याचं उत्तर इथे नीट लिहितो.

आधी नावाचा गोंधळ. जनावराला होते ती फाशी, माणसाच्या कातडीवर उठते ती काळपुळी. रोग एकच, अँथ्रॅक्स. ग्रीक भाषेत अँथ्रॅक्स म्हणजे कोळसा. पुळीवर धरणाऱ्या काळ्या, न दुखणाऱ्या खपलीमुळे तिकडेही तेच नाव पडलं. गावात मात्र फऱ्या, घटसर्प आणि फाशी एकाच दावणीला बांधतात. फऱ्यात मांडी-फऱ्याला सूज येते आणि दाबली की चरचरते. घटसर्पात गळा सुजतो. हे तीन वेगळे जंतू आहेत आणि त्यांच्या लसीही वेगळ्या. फऱ्या-घटसर्पाची लस टोचून घेतलेला बैल फाशीपासून सुरक्षित आहे असं समजू नये.

आता जंतू. काडीसारखा लांबट, साखळीने राहणारा. १८७६ साली रॉबर्ट कॉख या जर्मन खेड्यातल्या डॉक्टरने बैलाच्या डोळ्यातल्या पाण्यात तो वाढवून त्याचा सगळा जीवनक्रम दाखवला. अमुक जंतूमुळेच अमुक रोग होतो, हे इतक्या पक्केपणाने दाखवून देणारं ते पहिलंच काम. कॉखने आणखी एक गोष्ट पाहिली. परिस्थिती बिघडली की हा जंतू स्वतःभोवती टणक कवच घालून बीजाणू होतो आणि झोपी जातो. मग ऊन, थंडी, दुष्काळ काहीच त्याला लागत नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी स्कॉटलंडजवळच्या ग्रुइनार्ड बेटावर मेंढ्या बांधून या बीजाणूंचे प्रयोग केले. ते बेट १९९० पर्यंत माणसाला बंद होतं. १९८६ साली समुद्राच्या पाण्यात २८० टन फॉर्मल्डिहाइड मिसळून तिथली जमीन धुवावी लागली, तेव्हा कुठे ते मोकळं झालं.

शरीरात शिरलेल्या जंतूजवळ दोन हत्यारं असतात. एक अंगरखा, म्हणजे ग्लुटामिक आम्लाच्या साखळीचा बुळबुळीत थर. त्यामुळे रक्तातल्या पांढऱ्या पेशींना जंतू गिळता येत नाही. दुसरं हत्यार विष. ही दोन्ही बनवायची माहिती जंतूच्या मुख्य गुणसूत्रावर नसते. ती डीएनएच्या दोन सुट्या छोट्या वर्तुळांवर असते, एकावर अंगरखा आणि दुसऱ्यावर विष. या वर्तुळांना प्लाझ्मिड म्हणतात. यातलं कुठलंही एक हरवलं की जंतू जिवंत राहतो, वाढतो, पण मारण्याची त्याची ताकद जवळपास संपते. जनावरांसाठीच्या लसींचा सगळा इतिहास म्हणजे ही वर्तुळं गळवण्याचा इतिहास आहे. गंमत अशी की ज्यांनी ती गळवली, त्यांना वर्तुळं आहेत हेच ठाऊक नव्हतं.

लुई पाश्चरने जंतू ४२ ते ४३ अंशांवर दिवसेंदिवस वाढवले. त्या उष्णतेत विषाचं वर्तुळ टिकत नाही, हे शंभर वर्षांनी कळलं. पाश्चरला दिसलं ते एवढंच, की जंतू दुबळे होत चाललेत. ५ मे १८८१ रोजी पॅरिसजवळच्या पुई-ल-फोर गावी त्याने २४ मेंढ्या, एक बकरी आणि काही गाईंना पहिली लस दिली आणि १७ मे रोजी दुसरी. ३१ मे रोजी त्यांना आणि लस न दिलेल्या तितक्याच मेंढ्यांना जहाल जंतू टोचले. २ जूनला शेतकरी, अधिकारी आणि पत्रकार बघायला आले तेव्हा लस दिलेल्या मेंढ्या उभ्या होत्या. बाकीच्या बहुतेक मरून पडल्या होत्या आणि उरलेल्या त्याच दिवशी गेल्या.

पाश्चरच्या खासगी वह्या पुढे अभ्यासकांच्या हाती आल्या आणि एक वेगळी गोष्ट उघडी पडली. त्या दिवशी वापरलेली लस उष्णतेवर आणि हवेत दुबळी केलेली नव्हती. त्याचा सहकारी शांबरलांने पोटॅशियम डायक्रोमेट हे रसायन वापरून ती तयार केली होती. रसायनाची वाट त्याआधी तुलूझच्या तुसाँ नावाच्या पशुवैद्याने धरली होती, आणि त्याचं नाव आज फार थोड्यांना माहीत आहे. मी स्वतः पशुवैद्यक, म्हणून असेल, पण ही गोष्ट सांगताना तुसाँचं नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

पाश्चरची लस जगभर गेली खरी, पण ती भरवशाची नव्हती. दोनदा टोचावी लागे. कधी इतकी कमजोर निघे की उपयोग होत नसे, तर कधी इतकी जोरकस की जनावरच मरे. त्याला उत्तर मिळालं दक्षिण आफ्रिकेत. १९३७ च्या सुमारास ऑन्डरस्टेपोर्टच्या संशोधन केंद्रात मॅक्स स्टर्नने जंतू रक्तद्रव घातलेल्या थरावर, भरपूर कार्बन डायऑक्साइड असलेल्या हवेत वाढवले. अशा जागी अंगरखावाले जंतू गुळगुळीत, चिकट ठिपक्यांसारखे वाढतात. त्यांतून काही खडबडीत कोंब बाहेर फुटले. तेच अंगरखा हरवलेले जंतू. त्यातलाच एक वाण म्हणजे ३४एफ२. हा वाण विष करतो, पण अंगरखा नसल्यामुळे पांढऱ्या पेशी त्याला लगेच गिळतात. तेवढ्या वेळात थोडं विष शरीराला दिसतं आणि शरीर त्याची ओळख लक्षात ठेवतं. जगात आजही बहुतेक गुरांना हीच लस टोचतात. ती जिवंत बीजाणूंचीच असते आणि एका टोचणीत साधारण वर्षभर पुरते.

इथे आबांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आलं. पाश्चरच्या वाणाचं विष हरवलं होतं आणि अंगरखा शाबूत होता. स्टर्नच्या वाणाचा अंगरखा हरवला होता आणि विष शाबूत होतं. टिकली स्टर्नची लस. म्हणजे शरीराला शिकवण्यासारखी खरी गोष्ट विषातच आहे.

याचा पुरावा १९५०च्या दशकात इंग्लंडमध्ये पोर्टनच्या प्रयोगशाळेत मिळाला. हॅरी स्मिथ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आजारी गिनिपिगना स्ट्रेप्टोमायसिन दिलं. लवकर दिलं तर प्राणी वाचत. पण रक्तातले जंतू एका मर्यादेपलीकडे गेले असतील, तर औषधाने रक्त जंतुविरहित होऊनही प्राणी मरतच. जंतू संपले तरी मरण थांबत नव्हतं. मग त्यांनी त्या रक्तातूनच विष वेगळं काढलं. या रोगावरचा माझ्या मते हा सर्वांत मोठा प्रयोग. फाशीच्या उपचारात वेळेला एवढं महत्त्व का, ते या एका प्रयोगावरून समजतं. प्रतिजैविक जंतूला मारतं. रक्तात आधीच सुटलेल्या विषाला ते हात लावत नाही.

विष तीन प्रथिनांचं असतं. आबांना मी ते बैलगाडीवरून सांगितलं. एक प्रथिन म्हणजे गाडी आणि दोन म्हणजे तिच्यावरचा माल. मालातलं पहिलं प्रथिन पेशीच्या आतली निरोप पोचवणारी साखळी कात्रीसारखी कापतं. दुसरं पेशीतल्या पाण्याचा तोल बिघडवतं, म्हणून सूज येते. पण या दोघांना पेशीच्या आत जायला स्वतःचे पाय नाहीत. गाडीचं प्रथिन आधी पेशीच्या पृष्ठभागावर जाऊन चिकटतं. तिथे आपल्याच शरीरातलं एक विकर त्याचा तुकडा छाटतं. मग छाटून उरलेले असे सात-आठ भाग विहिरीच्या कड्यासारखे गोल जुळतात आणि त्या कड्यावर माल चढतो. सगळं कडं पेशी गिळते. आत आम्लता वाढली की कड्यातून एक नळी फुटते आणि माल त्या नळीतून पेशीत उतरतो.

गाडी रिकामी आली तर इजा नाही. माल नुसता पडून राहिला तरीही नाही. म्हणून लस करणाऱ्यांनी गाडीवर डोळा ठेवला. शरीराने गाडीच्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं तयार केली की ती चाकात दगड अडकावा तशी अडकतात आणि माल बाहेरच राहतो. शास्त्रात या प्रथिनाला संरक्षक प्रतिजन म्हणतात. विषाच्याच एका भागाचं नाव ‘संरक्षक’ आहे, कारण त्याच्यापासूनच संरक्षण मिळतं. आबा हे ऐकून म्हणाले, "म्हंजे इखबी नही, जंतूबी नही, लस गाडी आडावस." बरोबर.

माणसांची लस याच समजेवर उभी आहे. अमेरिकेत बकरीचे केस आणि लोकर साफ करणाऱ्या गिरण्यांत कामगारांना हा रोग होई. १९५०च्या दशकात अशा चार गिरण्यांत लसीची चाचणी चालू होती. त्या काळातच, १९५७ साली, न्यू हॅम्पशरमधल्या मँचेस्टरच्या एका गिरणीत साथ फुटली. नऊ कामगार आजारी पडले. त्यातल्या पाच जणांना रोग श्वासावाटे झाला आणि चार दगावले. लस पूर्ण घेतलेल्यांपैकी त्यात कोणी नव्हतं. चाचणीचा एकूण निष्कर्ष होता ९२.५ टक्के संरक्षण. त्याच धाटणीची, थोडी सुधारलेली लस अमेरिकेत १९७० साली मान्य झाली. तिच्यात जिवंत जंतू नसतो. जंतू वाढवलेलं पाणी गाळून घेतात, त्यात मुख्यत्वे गाडीचं प्रथिन असतं, आणि ते ॲल्युमिनियमच्या क्षारावर बसवतात. रशिया आणि चीन यांनी माणसांसाठीही जिवंत बीजाणूंची लस पसंत केली.

अमेरिकी लसीची अडचण अशी की आधी अठरा महिन्यांत सहा डोस होते आणि नंतर दर वर्षी एक. सैनिकाला किंवा प्रयोगशाळेतल्या माणसाला ते जमतं. पण हवेतून बीजाणू पसरले आणि हजारो लोकांना उद्याच संरक्षण हवं झालं, तर? २००१ साली अमेरिकेत टपालाच्या पाकिटांतून बीजाणू पाठवले गेले. २२ जणांना रोग झाला, त्यातल्या ११ जणांना श्वासावाटे, आणि पाच जण गेले. हजारो लोकांना ६० दिवस प्रतिजैविकं घ्यायला सांगितली होती. ६० दिवस अशासाठी, की १९७९ साली सोव्हिएत संघातल्या स्वेर्दलोव्स्क शहरात लष्करी केंद्रातून बीजाणू सुटले होते आणि त्यानंतर सहा आठवड्यांनीही नवे रुग्ण सापडत होते. बीजाणू फुफ्फुसात झोपून राहतो. गोळ्या थांबल्या आणि तो जागा झाला, तर रोग पुन्हा सुरू. पण तब्येत चांगली असताना दोन महिने रोज गोळ्या घेणं अवघड. अमेरिकेत निम्म्याहून कमी लोकांनी तो कोर्स पुरा केला. क्षयाची औषधं मध्येच सोडणारी माणसं आपण घरोघरी पाहिली आहेत, त्यामुळे यात मला नवल वाटत नाही.

म्हणून पुढचं संशोधन दोन दिशांनी गेलं. पहिली दिशा म्हणजे थोड्या डोसांत, लवकर काम करणारी लस. २०२३ च्या जुलैत अमेरिकेत सायफेंडस नावाची लस मान्य झाली. जुन्याच लसीत त्यांनी डीएनएचा एक छोटा कृत्रिम तुकडा मिसळला आहे. जंतूचा डीएनए आला असं समजून शरीर खडबडून उठतं आणि दोन आठवड्यांच्या अंतराने दोन डोस पुरतात. बीजाणूंशी संपर्क आल्यावर, प्रतिजैविकांच्या जोडीने ती द्यायची असते.

गाडीचं प्रथिन एकटंच, निर्धोक जंतूकडून करून घ्यायचे प्रयत्नही झाले. आपल्याकडे दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात राकेश भटनागर यांच्या गटाने यावर बरीच वर्षं काम केलं आणि पुढे पनॅसिया बायोटेक कंपनीने ते तंत्र घेतलं. ही कल्पना स्वच्छ आहे, पण नाजूकही. अमेरिकेत २००४ साली व्हॅक्सजेन कंपनीला अशा लसीसाठी ८७.७ कोटी डॉलरचं कंत्राट मिळालं आणि २००६ च्या अखेरीस ते रद्द झालं. अडचणींतली मोठी अडचण टिकण्याची होती. शुद्ध प्रथिन साठवणुकीत हळूहळू बिघडत जातं. लस शोधणं आणि ती बाटलीत दोन वर्षं तशीच ठेवणं ही वेगवेगळी कामं आहेत. जळगावच्या मे महिन्यात लसीच्या डब्यातला बर्फ सांभाळलेल्या कोणालाही हे समजेल.

दुसरी दिशा तयार प्रतिपिंडांची. आजार चढल्यावर शरीराला शिकवत बसायला वेळ नसतो. तेव्हा गाडी अडवणारे दगड बाहेरून आणून टाकायचे. रॅक्सिबॅक्युमॅब २०१२ साली मान्य झालं आणि ओबिल्टॉक्साक्सिमॅब २०१६ साली. दोन्ही गाडीच्याच प्रथिनाला धरून बसतात आणि प्रतिजैविकांच्या जोडीने देतात. लस घेतलेल्या माणसांच्या रक्तद्रवातून काढलेली प्रतिपिंडंही २०१५ पासून उपलब्ध आहेत. या औषधांची माणसांवर परिणामाची चाचणी करता येत नाही. मुद्दाम कोणाला फाशीचा जंतू देणार? म्हणून परिणाम ससे आणि माकडांवर पाहिला, आणि निरोगी स्वयंसेवकांवर फक्त सुरक्षितता तपासली. अमेरिकेत त्यासाठी २००२ पासून वेगळा नियमच आहे.

हे सगळं प्रगत आहे, महाग आहे, आणि साक्रीच्या मेंढपाळाच्या वाट्याला यातलं काही येणार नाही. त्याला त्याची गरजही सहसा पडू नये. माणसातले बहुतेक रुग्ण कातडीवरच्या काळपुळीचे असतात. साधी प्रतिजैविकं वेळेत मिळाली तर त्यात मरण अगदी क्वचित येतं, पण उपचार न केल्यास पाचात एक जाऊ शकतो. आजारी किंवा मेलेल्या जनावराला हाताळल्यावर आठवडाभरात न दुखणारी, मध्ये काळी पडत जाणारी, भोवती सूज असलेली पुळी उठली, तर दवाखान्यात जाऊन ‘मी मेलेलं ढोर हाताळलं होतं’ हे पहिलं वाक्य सांगावं. माणसाकडून माणसाला हा रोग जवळजवळ लागत नाही. तो येतो जनावरातून. म्हणून माणसाची सर्वांत उपयोगी लस म्हणजे मेंढीला टोचलेली लस.

ती थांबवली तर काय होतं, हे सायबेरियाच्या यामाल भागाने पाहिलं. तिथे रेनडिअरना लस टोचत असत. बरीच दशकं रोग दिसला नाही म्हणून २००७ साली ती बंद केली. २०१६ च्या उन्हाळ्यात विलक्षण उष्मा झाला आणि गोठलेली जमीन वितळली. दोन हजारांहून जास्त रेनडिअर मेले आणि बारा वर्षांचा एक मुलगा गेला.

आपली जमीन गोठत नाही, पण बीजाणूला कॅल्शियमयुक्त, अल्कधर्मी माती मानवते, आणि तापी-गिरणा-पांझरेच्या खोऱ्यांतली काळी कापसाची माती साधारण तशीच असते. माती तशी आहे म्हणून रोग आहेच असं नव्हे. बीजाणू तिथे कोणीतरी पेरावा लागतो, आणि पेरतो तो आबांच्या हातातला विळा. मेलेल्या जनावराच्या आत प्राणवायू नसतो. तिथे जंतूला कवच घालता येत नाही, आणि कुजण्यात तो काही दिवसांत मरतो. कातडं सोललं, पोट फाडलं, की न गोठणारं काळपट रक्त हवेला लागतं आणि त्यातला जंतू बीजाणू होतो. एका विळ्याने ती जागा पुढची कित्येक वर्षं धोक्याची होऊन बसते. म्हणून आधी कानाचं रक्त. निळा रंग दिल्यावर निळ्या काडीभोवती गुलाबी अंगरखा दिसला की फाशी. ही ओळख १९०३ सालची आहे आणि आजही कामाला येते.

अशी शंका आली तर जनावर न उघडता डॉक्टरला किंवा १९६२ या क्रमांकावर कळवा. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांविषयीच्या २००९ च्या कायद्यात हा रोग अनुसूचित आहे, म्हणून कळवणं बंधनकारकही आहे. विल्हेवाट जाळून लावणं उत्तम, तेवढं सरपण नसेल तर खोल पुरणं. आपल्याकडे खड्ड्यात चुना टाकायची सवय आहे. जागतिक आरोग्य संघटना मात्र याबाबत सावध आहे, कारण चुन्यातलं कॅल्शियम बीजाणूला टिकायला मदत करू शकतं.

फाशीची लस सरसकट सगळीकडे देत नाहीत. जिथे रोग आढळला आहे तिथे दरवर्षी, पावसाळ्याच्या आधी महिनाभर देतात. ती जिवंत असल्यामुळे टोचण्याच्या आधी-नंतरच्या आठवड्यात जनावराला प्रतिजैविक दिलं तर लसीचे बीजाणूच मरतात आणि टोचणं वाया जातं. टोचलेल्या जागी सूज येते, ती ओसरते.

आबांचा वाडा घाट उतरून ज्या बाजूला जाणार होता, तिथल्या जुन्या नोंदी काढून बघतो असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली, विळा मागे कमरेला खोचला आणि विचारलं, "आनि बकऱ्यास्ले?" बकऱ्यांना ही लस जरा जड जाते, मेंढ्यांपेक्षा सूज जास्त येते. टोचायचीच झाली तर त्यांचा दिवस वेगळा ठेवू, टोचल्यावर दोन दिवस लांब चालवायच्या नाहीत, असं ठरलं. आबांनी पोराला हाक मारली आणि आत्ताच बकऱ्या मोजायला लावल्या.